दुपारची ड्यूटी

नागपुरात मे महिन्यात दुपार साडेअकराला सुरू होते आणि साडेसहाला संपते. मधले सात तास रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या टबात बसवून, रंगीत खडू देऊन, थोपटून झोपवून हे तास निभतात. बारा वर्षांच्या मुलीला टबात बसवता येत नाही, झोप तिला येत नाही, आणि "चल, कागदाची फुलं करू" म्हटलं तर ती आपल्याकडे कीव केल्यासारखी बघते.

आमची लेक आता सातवीत जाईल. मी घरूनच टीडीएस-जीएसटीची कामं करते. चौथ्या तिमाहीची टीडीएसची विवरणपत्रं 31 मेपर्यंत भरायची असतात, म्हणजे तिची सुट्टी ऐन भरात येते तेव्हा मला मान वर करायला सवड नसते. नवरा ऑफिसात, सासूबाई घरात. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, हेही जमेस धरा.

हा दिवस 26 मेचा. आदल्या दिवशी सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. नवतपा चांगला तापला तर पाऊस चांगला, असं सासूबाईंचं मत. त्या हिशेबानं यंदा पूरच यायला हवा.

सकाळी 5.30

या दिवसांत पोरांचा खरा दिवस पहाटेचाच. सोसायटीतली पाच-सहा जणं सायकली घेऊन अंबाझरीकडे जातात आणि आठच्या आत परततात. माझं काम एवढंच, तिला उठवणं. उशिरापर्यंत लोळू दिलं की सकाळ हातची जाते आणि दुपार तेवढीच आणखी अंगावर येते. सुट्टीत मुलांना मनसोक्त झोपू द्यावं म्हणणारी मंडळी बहुतेक पुण्यात राहत असावीत.

सकाळी 8.00

कूलर. हे खातं पूर्णपणे लेकीचं, आणि दिवसभराची सगळी भिस्त त्याच्यावरच.

बैठकीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा मोठा कूलर आहे. तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, टाकीत छोटी मोटर. मोटर पाणी वर चढवते, वरच्या नळीच्या भोकांतून ते गवतावर ठिबकतं, आणि पंखा ओल्या गवतातून हवा आत खेचतो. यंत्र म्हणून यात काहीच अवघड नाही, म्हणूनच ते मुलाच्या हाती देता येतं. नियम एकच आणि तो मोडला की खातं काढून घेतलं जाईल: बोर्डावरचं बटण बंद करून चालत नाही, प्लग उपटून बाहेर काढायचा, मगच पत्र्याला हात लावायचा. ओला पत्रा, ओले हात आणि चालू वीज यांनी आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणाचा तरी जीव जातो, हे तिला माहीत आहे.

ती पाइप लावते, टाकी भरते, गवत कुठे कोरडं राहिलंय ते बघते. कोरडा पट्टा दिसला की वरच्या नळीचं भोक बुजलेलं असणार. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, भोकांवर पांढरं किटण बसतं. ते टाचणीनं कोरून काढायचं काम तिला मनापासून आवडतं. का, ते मला कळलेलं नाही. पण एक भोक मोकळं झालं आणि धार सुटली की ती मला हाक मारून दाखवते. रविवारी टाकी पूर्ण उपसून, घासून, कोरडी ठेवायची. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. उपसलेल्या पाण्यात वळवळणारं काही दिसतं का, हे ती पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उन्हात धरून बघते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुकानातून महागडे खेळसंच आणून बघितले. रोबोट जोडा, साबण बनवा, क्रिस्टल वाढवा. प्रत्येक संच एका दुपारीच संपला. संचात सगळं आधीच ठरलेलं असतं. पाय चुकीचा बसला तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि या वयाच्या मुलांना ते चटकन कळतं. कूलरची टाकी भरली नाही तर मात्र चार माणसं घामाघूम होतात.

सकाळी 10.00

मी टेबलाशी, ती समोर जमिनीवर. कूलर सुरू झाला. पहिली तक्रार वेळेवर आली.

"आई, बोर होऊन राहिलं."

मी तिला आमच्या घरातली पॅनकार्डं काढून दिली. गिऱ्हाइकांचे कागद मुलांच्या हाती द्यायचे नसतात, घरचे चालतात. पॅनमधलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी संस्था, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर. एवढं सांगितलं आणि ती कपाटातली जुनी बिलं उपसायला लागली. माझं पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं आहे, हे तिनंच शोधलं. लग्नानंतर नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. "म्हणजे सरकारला अजून तू जुनीच माहीत आहेस," ती म्हणाली. अर्धा तास गेला.

मग प्रश्न: मुंबईच्या मावशीकडे कूलर का नाही? असा प्रश्न आला की मी तोंडी उत्तर देत नाही. घरात काचेचे दोन साधे थर्मामीटर आहेत. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरा कोरडा, आणि दोन्ही बाल्कनीत सावलीत टांगले. थोड्या वेळानं कोरड्यात 41 आणि ओल्यात 26. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर थंड. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं, तितका दोन आकड्यांत फरक जास्त. मुंबईच्या दमट हवेत हाच फरक पाच-सहा अंशांवर येतो. तिथे कूलर लावून फक्त घर ओलं होईल. जूनच्या मध्याला आमच्याकडे पाऊस आला की इथेही तेच. हवा थंड लागत नाही, चिपचिप होते, आणि कूलरवर प्लॅस्टिकचा कागद चढतो.

तिनं तक्ता आखला. दर तासाला दोन आकडे. हा तक्ता संध्याकाळपर्यंत टिकला, हे मला अपेक्षित नव्हतं.

सकाळी 11.00

सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांना वाचायला मनाई. पेपर नातीनं वाचून दाखवायचा. ती इंग्रजी शाळेतली, मराठी वाचते पण अडखळत. नुसतं "मराठी वाच गं" म्हटलं असतं तर पुस्तक उघडलंही नसतं. 'फास्टर फेणे'चे वीसही भाग आमच्या कपाटात तिच्या वडिलांच्या बालपणापासून शहाण्यासारखे बसून आहेत. पेपरचं तसं नाही. समोर गिऱ्हाईक बसलंय आणि ते खट्याळ आहे.

आजींना आधी निधनवार्ता लागतात. कोण गेलं, कितव्या वर्षी, मागे कोण कोण. "आप्तेष्ट" शब्दाशी नात दोनदा धडपडली. मग तापमान. मग सोन्याचा भाव. राजकारण आलं की आजी म्हणतात, "ते राहू दे वं, पुढचं वाच." शब्दकोडं शेवटी. त्यात नात लिहिते, आजी सांगतात, आणि उभा शब्द आडव्याशी जुळला नाही की भांडण. 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंकही आता बालभारतीनं मोफत वाचायला ठेवलेत. त्यातली एखादी गोष्ट अधूनमधून होते, पण निधनवार्तांइतकी सर तिला नाही.

दुपारी 12.00

आजचा मोठा कार्यक्रम. 26 मेच्या सुमारास नागपुरात दुपारी बाराच्या पुढे दहाएक मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावली.

तयारी आदल्या दिवसापासून. सरळ कडांचा स्टीलचा डबा निवडला. पेल्याला वर घेर असतो, त्याची सावली आपोआप पडते. अडचण गच्चीची. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, त्यावर डबा तिरका बसणार. यावर उपाय तिनंच काढला: पोळपाट ठेवायचा, त्यावर ताटलीत पाणी घ्यायचं, पाणी चहूबाजूंनी काठाला सारखं येईपर्यंत पोळपाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवायचे. मग ताटली काढून पांढरा कागद आणि त्यावर डबा.

बाराला पाच कमी असताना आम्ही वर गेलो. डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, पायात चपला, आणि आजींच्या आग्रहाखातर खिशात एकेक कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, पण वाद घालण्याइतकी ती वेळही नव्हती. डब्याच्या उत्तरेला नाही, दक्षिणेलाही नाही. पश्चिमेला नखाएवढी सावली होती. ती पेन्सिलीनं कड आखत गेली. 12.04 ला रेघेएवढी. 12.10 ला चारही बाजूंना कागद पांढराच. डब्याभोवती फिरून तिनं चारदा बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. तिची सावली तिच्या चपलांखाली गेली होती. 12.16 ला पूर्वेकडे रेघ फुटली आणि आम्ही खाली पळालो, कारण चपलेतूनही तळवे भाजत होते.

तिनं लगेच दिल्लीच्या मामेभावाला फोन लावला. "तुमच्याकडे कधीच नाही होत हे. कधीच!" बरोबर आहे. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंतच येतो, कर्कवृत्तापर्यंत. ते मध्य प्रदेशातून जातं. नागपूर एकवीस अंशांवर, दिल्ली साडेअठ्ठावीसच्या पुढे. सगळं तिच्या भूगोलाच्या पुस्तकात होतं आणि त्यावर तिला पूर्ण गुणही मिळाले होते. दिल्लीकराला हरवायला मात्र ते आज उपयोगी पडलं.

दुपारी 1.00

जेवण. कढी-भात, कांदा, कैरीची चटणी. भांडी तिनं उचलली, कुरकुर केली.

दुपारी 2.00

हा सर्वांत वाईट तास. आजी झोपतात, मला आकडे जुळवायचे असतात, गल्ली मेलेली. आवाज करायचा नाही, बाहेर जायचं नाही. मोबाइल मी याच तासाला देते. सकाळी देत नाही, रात्री देत नाही. दिवसभर थोडा थोडा दिला की दिवसभर मागणी चालू राहते; एकाच ठरलेल्या तासाला दिला की बाकीच्या वेळी तो विषय निघत नाही.

त्यात ती बुद्धिबळ खेळते. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 च्या जुलैत बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि इथल्या पोरापोरींत बुद्धिबळाची साथच आली. अर्थात तासभर फक्त बुद्धिबळच चालतं असं समजण्याइतकी मी भोळी नाही. मधूनच दाबलेलं हसू ऐकू येतं. वजिराच्या चालीवर कुणी असं हसत नाही.

मोबाइल देणं सोपं, परत घेणं अवघड. घरोघरी रणधुमाळी तिथेच होते. आमच्याकडे ती कमी झाली याचं श्रेय टाकीला. सत्तर लिटरची टाकी कोरड्या उन्हात पाच तासांत तळाला जाते. दहाला सुरू केली की तीनच्या सुमारास मोटर कोरडी गुरगुरायला लागते आणि खोलीत वाफ भरते. "मोबाइल ठेव" असं मी म्हणत नाही. मोटर म्हणते.

दुपारी 3.00

प्लग काढला, पाइप लावला, टाकी भरली. पाइपातलं पहिलं पाणी उकळल्यासारखं येतं, ते बादलीत वेगळं घ्यायचं. पक्ष्यांच्या मातीच्या परळातलं पाणी बदललं. तक्त्यात आकडे: कोरड्यात 44, ओल्यात 26. आणखी एक अंश चढला की हवामान खात्याच्या हिशेबानं उष्णतेची लाट, हे तिनं आजींना उठवूनच सांगितलं.

दुपारी 3.30

अष्टचंग. सासूबाई वर्ध्याकडच्या, लहानपणी उन्हाळे यावरच काढलेले. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा पट, चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुली. कवड्यांऐवजी फोडलेल्या चिंचोक्यांची चार शकलं, एक बाजू पांढरी सपाट, दुसरी काळी फुगीर. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि दोन्हींत पुन्हा खेळायला मिळतं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही. हा नियम फार शहाणा आहे, कारण त्यामुळे भिडस्त माणूस जिंकूच शकत नाही.

आजी भिडस्त नाहीत. नातीची सोंगटी घराच्या दारातून मारताना त्यांना जो आनंद होतो तो लपवण्याचा त्या प्रयत्नही करत नाहीत. मुलांशी खेळताना मुद्दाम हरणारी माणसं मला पटत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाशी हरा, बारा वर्षांच्याशी हरलात तर त्याला अपमान वाटतो, आणि वाटायलाच हवा.

हरून हरून नात चिडली आणि म्हणाली, आजीला आठ जास्त पडतात, काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, मोजून बघ. चार नाणी उडवली तर सोळा प्रकारांनी पडू शकतात, त्यांतला एकच चारही छापांचा. तेव्हा आठ सोळातून एकदा यायला हवा. तिनं वहीचं पान भरेस्तोवर चिंचोके टाकले आणि रेघा ओढल्या. आठ जवळजवळ दुप्पट वेळा येत होता, चार जेमतेम. शकल सपाट बाजूवर बसतं, काळी बाजू वर राहते. चिंचोका नाण्यासारखा समतोल नसतो. म्हणजे गडबड होती, पण दोघींसाठी सारखीच. आजींनी निकाल ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग तुला काहून नाही पडून राहिले?" याला उत्तर नव्हतं. डाव पुन्हा मांडला.

दुपारी 4.45

खाणं तिच्याकडे. कच्चा चिवडा: मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, मीठ, बारीक कांदा, शेंगदाणे, वरून सांबार आणि लिंबू. विदर्भाबाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर. गॅस पेटवावा लागत नाही, चाकू लागतो, आणि तिखट किती यावर तिची सत्ता चालते. सोबत उकडलेल्या कैरीचं पन्हं.

संध्याकाळी 5.30

या तासाचं काहीच जमत नाही. ऊन उतरलेलं नसतं आणि धीर संपलेला असतो. आज ती आतल्या खोलीत भिंतीला पाय लावून उताणी पडून राहिली आणि "काही सांगू नको" म्हणाली. मी सांगितलं नाही. दिवसाचा प्रत्येक तास मी भरला तर पुढच्या वर्षीही मलाच भरावा लागेल, आणि 31 मे दर वर्षी येतो. अर्ध्या तासानं ती उठून सायकलच्या चेनला तेल घालत बसली. फरशीवर डाग पडले. ते उद्या तीच घासेल.

संध्याकाळी 6.30

खाली शिट्टी वाजली. गेली. मी दोन विवरणपत्रं सलग भरली.

रात्री 9.30

गच्चीवर पाणी शिंपडलं की फरशी चर्र आवाज करते आणि मातीचा वास येतो. गाद्या टाकल्या. डोक्यावर सप्तर्षी, त्यांच्या शेपटीच्या वळणावरून पुढे तांबूस स्वाती, आणखी पुढे चित्रा. तिनं तक्त्यातला शेवटचा आकडा भरला, 36, आणि दोन मिनिटांत झोपली.

तुमच्या घरी या वयाचं मूल असेल तर पुढच्या मेमध्ये एक तारीख राखून ठेवा. शून्य सावली पणजीला 2 मेच्या सुमारास, कोल्हापूरला 6, पुण्याला 13, मुंबईला 15, नाशिकला 20 आणि नागपूरला 26. वेळही गावागणिक बदलते: नागपुरात 12.10 च्या आसपास, पुण्यात साडेबाराला, मुंबईत त्यानंतर पाच मिनिटांनी. डबा सरळ कडांचा घ्या आणि पोळपाट पाण्यानं समतल करून घ्या. सूर्य परत दक्षिणेकडे जाताना जुलै-ऑगस्टमध्ये हीच वेळ पुन्हा येते, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.